अम्मी ज्याविषयी बोलत नाही

रमजानचा महिना होता, दुपारची दोनची वेळ. वसमतकडच्या एका ओळखीच्या घरी मी बसले होते. आतल्या खोलीत चौदा-पंधरा वर्षांची मुलगी दाराकडे पाठ करून पाणी पीत होती. बाहेर भावाच्या चपलेचा आवाज आला, तसा तिने अर्धा भरलेला पेला डब्यामागे सरकवला आणि ओढणीने ओठ पुसले. भाऊ आला, मोबाईलचा चार्जर घेऊन निघून गेला. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तिचा रोजा नव्हता. नसायलाच हवा होता. पाळीच्या दिवसांत रोजा ठेवायचा नाही, नमाज पढायची नाही, हा शरीअतचा हुकूम आहे. राहिलेले रोजे नंतर कजा करायचे, नमाज मात्र पूर्ण माफ. म्हणजे ती मुलगी दीनच्या हुकमाप्रमाणेच वागत होती, आणि तरीही चोरासारखी. सहेरीलाही ती उठली असणार, सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसली असणार, कारण उठली नाही तर अब्बा विचारतील, भाऊ विचारतील. हिंगोली असो की कळमनुरी, सेनगाव असो की औंढा, आपल्या कुठल्याही मोहल्ल्यात हे चित्र दिसतं. वाचणाऱ्या भगिनींपैकी किती जणींनी हे स्वतः केलं आहे, ते त्यांनाच ठाऊक.

त्या मुलीच्या आईशी नंतर बोलणं झालं. तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा तुम्ही काय सांगितलंत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “क्या बोलना? कपडा दिया, बोली के अब तू बड़ी हो गई, बाहर नै खेलना.” एवढंच. त्यांच्या आईने त्यांना एवढंही सांगितलं नव्हतं, हेही त्यांनी सांगितलं. दोष त्यांना देण्यात अर्थ नाही. त्यांना जे मिळालं, त्यात एका वाक्याची भर घालून त्यांनी पुढे दिलं.

मदिन्यातल्या बायका विचारत होत्या

आपण या गप्प बसण्याला ‘हया’ म्हणतो. हया ही ईमानची शाखा आहे, यात शंका नाही. पण ज्यांच्याकडून आपण हया शिकलो, त्या बायका अशा गप्प नव्हत्या. हजरत उम्मे सुलैम (रजि.), म्हणजे हजरत अनस (रजि.) यांच्या आई, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आल्या. सत्य सांगायला अल्लाह लाजत नाही, अशी सुरुवात करून त्यांनी सरळ विचारलं की, पुरुषाला जसं स्वप्नात होतं तसं बाईला झालं तर तिच्यावर गुस्ल आहे का? तिथे हजरत उम्मे सलमा (रजि.) होत्या. त्यांना संकोच वाटला. बाईलाही असं होतं का, असं त्यांनी विचारलं. प्रेषितांनी होय म्हणून सांगितलं, आणि पुढे जे सांगितलं त्याचा आशय असा की, तसं नसतं तर मूल आईसारखं दिसलंच कसं असतं? बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. प्रश्न विचारणारीला कुणी बेशरम म्हटलं नाही. उलट अन्सारच्या बायकांना दीनची समज मिळवण्यात लाज आड आली नाही, म्हणून हजरत आयशा (रजि.) यांनी त्यांची तारीफ केली आहे.

मदरशात शिकणाऱ्या मुलाला हे नवीन नाही. फिक्हच्या कुठल्याही किताबात पहिला बाब तहारतचा असतो. त्यात हैज, निफास, इस्तिहाजा, इहतिलाम, गुस्ल हे सगळं बारकाव्याने येतं. मौलाना अशरफ अली थानवी यांचं ‘बहिश्ती जेवर’ कित्येक घरांत नवरीला रुखसतीच्या वेळी दिलं जातं, त्यातही हे मसाइल आहेत. अडचण दोन ठिकाणी आहे. एक तर ते पुस्तक मुलीच्या हाती निकाहच्या वेळी पडतं. पाळी त्याआधी चार-पाच वर्षं सुरू झालेली असते. दुसरं म्हणजे मसाइल कळले तरी शरीर कळत नाही. किती दिवसांचं रक्त हैज मानायचं हे कळतं, ते रक्त येतं कुठून, हे कळत नाही.

आणि जे कळत नाही, त्याची जागा शेजारपाजारच्या समजुती घेतात. लोणच्याला हात लावू नको, पापडाच्या पिठाजवळ येऊ नको, झाडाला पाणी घालू नको. कावळा शिवला म्हणून बाजूला बसवण्याची मराठवाड्यातली जुनी रीत आपल्या घरांतही अर्धीमुर्धी शिरली आहे. प्रेषितांच्या काळी मदिन्यात काही लोक पाळीतल्या बाईला जेवायलाही सोबत घेत नसत. त्यावर जो हुकूम आला, त्याने फक्त शरीरसंबंध मना केला. सोबत खाणं, राहणं, झोपणं सगळं मोकळं ठेवलं. हजरत आयशा (रजि.) त्या दिवसांत ज्या भांड्यातून पाणी पीत, त्याच जागी ओठ लावून प्रेषित पाणी पीत, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. लोणच्याच्या बरणीचा मसला यापुढे उरत नाही.

आजीच्या पोटात असलेलं बीज

आता शरीराविषयी, साध्या शब्दांत. आई आपल्या मुलीला सांगू शकेल, इतपतच.

मेंदूच्या तळाशी एक छोटा भाग आहे. साधारण आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान तो जागा होतो आणि त्याच्या खाली लटकलेल्या वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीला इशारा देतो. ती ग्रंथी रक्तात संप्रेरकं सोडते. मुलीत ती बीजांडकोशाला जागं करतात, मुलात वृषणाला. मुलीची छाती वाढू लागते, उंची झपाट्याने वाढते, काखेत आणि जांघेत केस येतात आणि या सगळ्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. आपल्या देशात बहुतेक मुलींना ती बारा-तेराच्या आसपास येते. म्हणजे पाळी ही वयात येण्याची सुरुवात नसते. आईला आधी दोन वर्षांची सूचना मिळालेली असते. बोलायला तेवढा वेळ हाती असतो. आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवावं.

महिन्यातून एकदा एक बीज पिकून बाहेर पडतं. त्याच्या स्वागतासाठी गर्भाशय आतून रक्ताने भरलेलं मऊ अस्तर तयार करतं. मूल राहिलं नाही की ते अस्तर गळून पडतं. ते घाण नाही, शरीराने काढून टाकलेलं विष नाही. ते बाळाचं अंथरूण आहे, या महिन्यात लागलं नाही म्हणून उचललेलं. एका पाळीत जाणारं रक्त सरासरी तीस-चाळीस मिलिलिटर, म्हणजे चहाच्या लहान कपाच्या अर्ध्याहूनही कमी. पहिली एक-दोन वर्षं पाळी आज आली तर पुढची दीड महिन्याने, असं होतं. त्यात घाबरण्यासारखं नाही. मात्र दर दोन तासांनी कपडा भिजत असेल, आठवडा उलटूनही थांबत नसेल, किंवा पोट इतकं दुखत असेल की मुलगी शाळा बुडवते, तर ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून गप्प करू नये. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा 54.2 टक्के निघाला. मुलगी दिवसभर दमलेली, चिडचिडी दिसते, तेव्हा ती आळशी नसून अशक्त असण्याची शक्यता जास्त आहे.

एक गोष्ट मला स्वतःला फार विलक्षण वाटते. मुलीच्या शरीरात नवी बीजं तयार होत नाहीत. ती सगळी तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात. जन्मताना दहा-वीस लाख, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात त्यातली चारशे-पाचशेच पिकतात. याचा अर्थ असा की, तुम्ही ज्या बीजापासून झालात, ते तुमची आई तुमच्या नानीच्या पोटात असतानाच तयार झालं होतं.

उम्मे सुलैम यांना मिळालेलं उत्तर इथे आठवतं. जुन्या ग्रीक विद्वानांत ॲरिस्टॉटलचं मत असं होतं की बीज पुरुषाचं, बाई केवळ जमीन. आपल्याकडे अजून हीच भाषा बोलली जाते, ‘खेत’ आणि ‘बी’ची. सस्तन प्राण्याच्या मादीचं बीज डोळ्यांनी पाहायला 1827 साल उजाडावं लागलं. कार्ल फॉन बेअर या शास्त्रज्ञाने ते पाहिलं. आज आपल्याला माहीत आहे की मुलाच्या घडणीत तेवीस गुणसूत्रं आईची आणि तेवीस बापाची असतात. बरोबर निम्मी वाटणी.

वाटणी निम्मी असली तरी मुलगा की मुलगी हे ठरतं बापाकडून. आईच्या प्रत्येक बीजात ‘एक्स’ गुणसूत्रच असतं. बापाच्या शुक्राणूंत निम्म्यांत ‘एक्स’, निम्म्यांत ‘वाय’. ‘वाय’वाला पोचला तर मुलगा. यात बापाचाही इलाज चालत नाही, पण निदान आईवर तरी ठपका ठेवता येत नाही. तीन मुली झाल्या म्हणून सासरी टोमणे खाणाऱ्या, तलाकच्या धमक्या ऐकणाऱ्या बायका आपल्याच समाजात आहेत. मुलगी झाल्याची खबर ऐकून ज्याचा चेहरा काळवंडतो, अशा माणसाची कुरआनने सूरह नहलमध्ये निंदा केली आहे. प्रेषितांचे मुलगे लहानपणीच गेले. वाढल्या, नांदल्या त्या चार मुली.

मुलग्यांना कोण सांगतं?

मुलींविषयी आपण थोडंफार तरी कुजबुजतो. मुलग्यांविषयी तेही नाही. मुलगा बारा-तेराचा झाला, आवाज फुटला, ओठावर लव आली, की एक दिवस सकाळी त्याचा पायजमा ओला असतो. त्याला वाटतं आपल्याला रोग झाला. तो आईला सांगत नाही, बापाला तर नाहीच. मशिदीत जातो, पण आपल्यावर गुस्ल आहे हे त्याला ठाऊक नसतं. किंवा ठाऊक असतं आणि पहाटे अंघोळीला पाणी मागायची लाज वाटते, म्हणून तो फजर चुकवतो आणि आळशी म्हणून बोलणी खातो.

मग तो शहरात येतो तेव्हा बसस्टँडजवळच्या भिंतीवर त्याला जाहिरात दिसते: गुप्तरोग, धातू जाणे, कमजोरी, खात्रीशीर इलाज. शंभर थेंब रक्ताचा एक थेंब धातू होतो, असं त्याच्या मित्राने सांगितलेलं असतं. हे खोटं आहे. वीर्य रक्तातून आटवून बनत नाही. वृषणात शुक्राणू रोज बनत असतात, एक शुक्राणू पूर्ण व्हायला साधारण सव्वादोन ते अडीच महिने लागतात, आणि बाकीचा द्रव इतर ग्रंथी पुरवतात. भरलं की झोपेत बाहेर पडतं. याने डोळे खोल जात नाहीत, पाठ वाकत नाही, पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. फिक्हच्या किताबांनी इहतिलामला बालिग होण्याची खूण मानलं, रोग मानलं नाही. भिंतीवरच्या हकीमांचा धंदा मात्र या भीतीवर चालतो, आणि पहिली फी बहुधा कॉलेजच्या पैशांतून जाते.

ही झाली एक शाळा. दुसरी शाळा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाईलवर मुलगा जे पाहतो, ते पैसे घेऊन, कॅमेऱ्यासमोर, नट-नट्यांनी केलेलं नाटक असतं. त्यात प्रेम नसतं, विचारणं नसतं, बाईच्या दुखण्याची दखल नसते. निकाहच्या पहिल्या रात्री तो हाच धडा घेऊन खोलीत जातो. पलीकडे जी मुलगी बसलेली असते, तिला कुणी काहीच सांगितलेलं नसतं. कुरआनने नवरा-बायकोला एकमेकांचा पोशाख म्हटलं; पोशाख झाकतो, ऊब देतो, अंगाला टोचत नाही. हे त्या मुलाला कोण समजावणार?

मी त्या वसमतच्या भगिनींना म्हटलं, मुलाला त्याच्या अब्बांनी सांगायला हवं. त्या खळखळून हसल्या. “उनों तो मेरेसे बी नै बोलते,” म्हणाल्या.

शाळेवर टाकावं, तर 2007 मध्ये आपल्या राज्य सरकारने शाळांतलं लैंगिक शिक्षण बंदच करून टाकलं होतं. विरोध सगळ्याच बाजूंनी होता. आपलेही लोक त्यात होते. पुढे आरोग्य खात्याच्या किशोरवयीन कार्यक्रमातून थोडा विषय परत आला. याच महाराष्ट्रात गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ नावाची शिबिरं चालवली, मुला-मुलींना समोर बसवून हेच सगळं शिकवलं. त्यांना ही गरज कशी कळली, तेही सांगण्यासारखं आहे. त्यांनी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली, ती 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. 92 टक्के बायकांना पाळीचा, अंगावरून जाण्याचा, आतल्या जंतुसंसर्गाचा असा कुठला ना कुठला आजार निघाला. त्याआधी डॉक्टरांकडे गेलेल्या होत्या फक्त आठ टक्के. बाकीच्या सोसत होत्या. आपल्या मोहल्ल्यात ‘सफेद पानी’ सोसणाऱ्या किती, याची मोजणी कुणी केलेली नाही. पण मैयतीच्या घरी, शादीच्या घरी चार बायका एकत्र बसल्या की कुजबुज याचीच असते.

शहाणी झाली म्हणजे काय झाली?

आता सगळ्यात अवघड भाग.

आपल्याकडच्या मराठीत मुलीला पाळी आली की जुन्या बायका म्हणतात, ‘शहाणी झाली’. उर्दू-दखनीत ‘जवान हो गई’, शरईत ‘बालिग’. आणि त्यानंतर घरातलं घड्याळ वेगाने चालू लागतं. गावची शाळा सातवी-आठवीपर्यंत, पुढे एसटीने तालुक्याला जावं लागतं, वाटेत टवाळ पोरं असतात, ‘कुछ ऊँच-नीच हो गई तो’ ही धास्ती. आई-बाप मजुरीला बाहेरगावी जातात, मुलीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं? आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे मुलाला लवकर बायको हवी असते. स्थळ चालून आलं, मागणी कमी आहे, मोठीच्या मांडवात धाकटीचंही उरकून घेऊ. कारणं खोटी नाहीत. गरिबाला ती खरीच वाटतात.

आकडा पाहा. मघाच्याच सर्वेक्षणानुसार वीस ते चोवीस वयाच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात 21.9 टक्के, देशात 23.3. हिंगोली जिल्ह्यात हे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त आहे; शेजारच्या परभणीत तर 48 टक्के. 1999 च्या 1 मे रोजी आपण परभणीतून वेगळे झालो, ही रीत मात्र वेगळी झाली नाही. हा आकडा सगळ्या जाती-धर्मांचा मिळून आहे. हे फक्त ‘मुसलमानांत’ होतं असं म्हणणाऱ्याने तो पाहावा, आणि आपल्यात होतच नाही असं म्हणणाऱ्यानेही पाहावा.

आपल्यातले काही लोक म्हणतात, बालिग झाली म्हणजे शरीअतने इजाजत दिली, कायदा काय म्हणतो ते म्हणू दे. इथे थोडं थांबून वाचायला हवं. सूरह निसाच्या सहाव्या आयतीत यतीम मुलांच्या मालमत्तेविषयी हुकूम आहे: ती निकाहच्या वयाला पोचली तरी लगेच माल त्यांच्या हाती देऊन टाकायचा नाही, त्यांना पारखायचं, आणि त्यांच्यात ‘रुश्द’ म्हणजे समज दिसली तरच द्यायचा. म्हणजे शरीराचं पिकणं आणि समजेचं पिकणं या दोन गोष्टी कुरआनने वेगळ्या धरल्या. चार एकर जमीन सांभाळायला ज्या मुलीची समज पुरत नाही, तिची समज संसार, सासर आणि बाळंतपण सांभाळायला कशी पुरते? हा माझा प्रश्न आहे, फतवा नाही. उत्तर उलमांनी द्यावं. पण त्यांनी द्यावं, टाळू नये.

शरीराचं म्हणाल, तर तेही त्या दिवशी पिकलेलं नसतं. पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन वर्षं मुलीची उंची वाढत असते, कमरेचं हाड रुंदावत असतं. त्या काळात पोटात बाळ आलं की आई आणि बाळ एकाच ताटातून वाढायला लागतात. कोवळ्या वयातल्या बाळंतपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा, बाळ अडण्याचा, कमी वजनाचं आणि दिवसांआधी बाळ होण्याचा धोका जास्त असतो. मेंदूचा जो भाग पुढचा विचार करतो, रागाला लगाम घालतो, तो तर विशी उलटून गेल्यावर पक्का होतो. मुलीचाही आणि एकवीसच्या नवऱ्याचाही.

कायद्याचं थोडक्यात. बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 चा आहे: मुलगी अठरा, मुलगा एकवीस. असं लग्न ठरवणारे, लावणारे, त्यात भाग घेणारे वडीलधारे गुन्हेगार ठरतात. निकाह पढवणारा काझीही. मुस्लिम वैयक्तिक कायद्याप्रमाणे असा निकाह वैध धरावा का, यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि आपल्याकडे त्यातला सोयीचा निकाल तेवढा व्हॉट्सॲपवर फिरतो. पण 11 ऑक्टोबर 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पत्नी अठराच्या आतली असेल, तर तिच्याशी शरीरसंबंध हा बलात्कारच. नव्या भारतीय न्याय संहितेतही आता अठराच वय आहे. शिवाय बाललैंगिक अत्याचारविरोधी पॉक्सो कायद्याने डॉक्टरवर खबर देण्याची सक्ती केली आहे. याचा रोजच्या जगण्यात अर्थ असा: सतरा वर्षांची सून दिवस गेल्यावर दवाखान्यात नेली, आधार कार्ड पाहिलं, की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. मग नवऱ्यावर गुन्हा. हे टाळायला घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत, किंवा वय चुकीचं सांगतात. आधीच जोखमीचं बाळंतपण, त्यात तपासणी नाही. काझी साहेबांनी निकाहनामा भरण्याआधी शाळेचा दाखला किंवा जन्माचा दाखला मागितला, एवढ्याने यातलं बरंच टळतं. असं करणारे काझी आहेत, त्यांना मोहल्ल्याने साथ द्यावी. ‘बड़े क़ानून वाले बन गए’ म्हणून त्यांना टोचू नये.

पाळणा लांबवणं

निकाहनंतर वर्षाच्या आत पाळणा हललाच पाहिजे, ही सासरची अपेक्षा. नाही हलला तर बाई वांझ. मूल न होण्याच्या तक्रारींत जवळपास निम्म्या वेळा पुरुषाकडे काही ना काही कारण सापडतं. पण तपासणी आधी, आणि पुष्कळदा फक्त, बाईची होते. नवऱ्याची तपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त असते, ती आधी व्हायला हवी.

दोन मुलांत अंतर ठेवणं दीनच्या विरोधात आहे, ही समजूतही जुनी. प्रेषितांच्या हयातीत सहाबा अज्ल करत, म्हणजे बीज बाहेर टाकत, आणि त्यांना मना केलं गेलं नाही, असं हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलं आहे. इमाम गझाली यांनी त्यावर सविस्तर लिहिलं: बाईच्या जिवाची, तब्येतीची काळजी, जास्त मुलांमुळे येणारी ओढाताण ही कारणं त्यांनी मान्य केली, मुलगी होईल या भीतीने कुणी करत असेल, तर ती नियत मात्र वाईट ठरवली. हनफी फकीहांनी तर अज्लसाठी बायकोची संमती आवश्यक मानली, कारण मुलावर तिचाही हक्क आहे. नऊशे-हजार वर्षांपूर्वीच्या या चर्चा वाचल्या की आजची आपली गप्पगप्प राहण्याची तऱ्हा जरा केविलवाणी वाटते. अंगावर पूर्ण दोन वर्षं पाजण्याचा उल्लेख कुरआनात आहे. तेवढं पाळलं तरी आईला श्वास घ्यायला जागा मिळते. पण पाजतेय म्हणून दिवस जाणारच नाहीत, या भरवशावर राहू नये.

सरकारी दवाखान्यात निरोध, तांबी, गोळ्या मोफत मिळतात. ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आहे. ‘छाया’ ही गोळी लखनौच्या प्रयोगशाळेत आपल्याच देशात शोधली गेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. कुणाला काय सोसेल, ते डॉक्टर किंवा परिचारिका सांगतील. राज्यात संसार करणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांचं नसबंदीचं ऑपरेशन झालं आहे. पुरुषांचं अर्धा टक्काही नाही, खरं तर ते जास्त सोपं असून. यावर मी जास्त लिहीत नाही, पुरुष वाचकांनी ही ओळ पुन्हा एकदा वाचावी.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी घरात अजिबातच बोललं जात नाही. क्वचित एखादं बाळ असं जन्मतं की त्याला मुलगा म्हणावं की मुलगी, हे शरीर पाहून ठरत नाही. फिक्हमध्ये यालाही बाब आहे, ‘खुन्सा’चा. त्याचा वारसा किती, नमाजेत त्याने कोणत्या सफेत उभं राहायचं, कफन कसं द्यायचं, सगळं लिहिलेलं आहे. म्हणजे आपल्या फकीहांनी अशा माणसाला समाजात जागा धरून ठेवली होती. ते बाळ कुणाच्या गुनाहची सजा नाही. लपवू नये, कुणाला देऊन टाकू नये. तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवावं आणि ऑपरेशनची घाई करू नये.

कुठे जायचं

हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात जाता येतं. आता शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही 2024 पासून सुरू झालं आहे. किशोरवयीन मुला-मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाची क्लिनिकं चालतात. तिथे दहा ते एकोणीस वयाच्या मुला-मुलींशी बोलायला समुपदेशक असतात, पैसे लागत नाहीत. आपल्या जवळच्या रुग्णालयात तो कक्ष कोणत्या वारी उघडा असतो, हे मोहल्ल्यातल्या आशाताईला विचारावं. लोहाच्या गोळ्याही तिच्याकडे किंवा अंगणवाडीत मिळतात. कुणा मुलीचं लग्न तिच्या मर्जीविरुद्ध किंवा वयाआधी होत असेल, तर 1098 हा नंबर दिवसरात्र चालू असतो; गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे.

आईला बोलायला जमत नसेल, तर खाला असते, फुफी असते, मोठी बाजी असते. मुलग्यासाठी मामू, चाचा, मशिदीतले इमाम साहेब. एका बैठकीत सगळं सांगायचं नसतं. मुलगी आठ-नऊची झाली की पाळी म्हणजे काय एवढंच. दहा-अकराला मुलालाही तेच सांगावं, म्हणजे रमजानात बहीण दुपारी पाणी पिताना दिसली, तर तो विचारणार नाही. त्या घरातल्या भगिनींनी मला जाताना दारात थांबवून विचारलं की, सुरुवात कुठून करू? मी म्हटलं, घरात कॅलेंडर आहे ना? मुलीचे राहिलेले रोजे किती, त्याची खूण तिने त्यावरच करावी, उघड, सगळ्यांना दिसेल अशी. त्या म्हणाल्या, “अब्बा देखेंगे ना.” मग त्याच थोड्या वेळाने म्हणाल्या, “देखने दो.”